रक्तात आहे, डोक्यात नाही

४ मार्च, दुपार
ईसीजी पुन्हा नॉर्मल. त्यांनी यंत्र बदलायला हवं.
कॅज्युअल्टीतल्या सिस्टरने मला बघताच विचारलं, आज पण पुलाजवळूनच का? म्हटलं, पुलाचा काय संबंध? छातीत धडधड, हातांना मुंग्या, अंगाला दरदरून घाम आणि आता आपला खेळ खल्लास अशी पक्की खात्री. यात पूल आला कुठे? गॅस आहे. जबरदस्त गॅस. आमच्या घराण्यातच आहे. सिस्टर बरं म्हणाली आणि पडदा ओढून निघून गेली. जाताना कुणाशी तरी हसली.
घरी ही म्हणाली, अहो, तुमचा गॅस नेमका पुलाच्या पायथ्याशीच कसा येतो? हिला शरीरशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही.
संकल्प: आजपासून बटाटा बंद.

४ मार्च, संध्याकाळ
बटाट्याचीच भाजी होती. अन्न टाकून कसं चालेल?

७ मार्च
माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर ठळक अक्षरात लिहिलंय: डोकं शांत, गाडी शांत. पाटी मी स्वतः रंगवली. अख्ख्या गावात माझ्याइतका थंड डोक्याचा मास्तर नाही. शिकवायच्या गाडीत डावीकडे माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की मी दाबतो. समोरच्या फुटपाथवर दुसरं स्कूल आहे, पिवळी गाडी. तो समोरचा म्हणे ब्रेकला पायच लावत नाही. नुसता सीटला टेकून बसतो. याला शिकवणं म्हणतात?
आज नवी विद्यार्थिनी आली. मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, काहीतरी संशोधन करते. डॉक्टरीणबाईंचं स्टिअरिंग डळमळतं, पण नजर तीक्ष्ण. पुलाच्या पायथ्याशी नेहमीप्रमाणे डावीकडे वळायला सांगितलं. तर विचारते, सर, पुलावर कधी जायचं? मी म्हटलं, पुलावर शिकण्यासारखं काही नाही, मॅडम. सरळ रस्ता. खरी कला गल्लीत.
तेवढ्यात मी करकचून ब्रेक दाबला. तिने विचारलं, का दाबलात? म्हटलं, मांजर. ती म्हणाली, मांजर नव्हतं. म्हटलं, पळालं.

९ मार्च, रविवार
लेकीचा फोन. लग्नानंतर ती पुलापलीकडे राहायला गेली. पलीकडे जायला दुसरा रस्ता नाही. पूल उंच आहे आणि विनाकारण लांब केलाय. नदी एवढी रुंद नाहीच मुळी. लेक आधी दर रविवारी इकडे यायची. आता तिचे दिवस भरत आलेत, प्रवास बंद. म्हणाली, बाबा, बाळ पुलाच्या माझ्या बाजूला होणार आहे बरं का. तुम्ही याल ना?
म्हटलं, येणार म्हणजे काय, सगळ्यांच्या आधी!
तिने विचारलं, नक्की? हा काय बापाला विचारायचा प्रश्न झाला?
तिचं घर मी अजून पाहिलेलं नाही, हे खरं आहे. पण पडद्यांचे फोटो पाहिलेत. रंग छान आहे.
संकल्प: बाळ व्हायच्या आत एकदा पुलावरून सहज जाऊन यायचं. फारसा विचार न करता.

१२ मार्च
फारसा विचार न करता निघालो. पायथ्यापर्यंत गेलोसुद्धा. पण पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली दिसला. पुलाच्या मध्यावर पेट्रोल संपलं तर मागे केवढी रांग लागेल? जबाबदार माणसाने असं वागू नये. परतलो.
पंपावर गर्दी होती. भरलं नाही.

१५ मार्च
डॉक्टरीणबाईंना गाडी चालवताना बोलायची सवय आहे. आज विषय निघाला तिच्या संशोधनाचा. काही लोकांना म्हणे अचानक भीतीचा झटका येतो. धडधड, घाम, मुंग्या, मरतो की काय असं वाटणं. पॅनिक डिसऑर्डर. मी म्हटलं, बिचारे.
तर अशा लोकांच्या रक्तात सूज दाखवणाऱ्या खुणा जास्त असतात का, हे ती तपासतेय. सूज म्हणजे पाय मुरगळल्यावर येते ती नव्हे. शरीर आतल्या आत कशाशी तरी लढत असलं की रक्तात काही गोष्टी वाढतात. एकीचं नाव सीआरपी. बाकीच्यांची नावं उच्चारायला गेलं तर गाडी डिव्हायडरवर जाईल. आधीच्या अभ्यासांत काहींना वाढलेलं दिसलं, काहींना नाही, म्हणून हा नवा अभ्यास. तुलनेसाठी तिला निरोगी, शांत माणसंही हवी आहेत.
मी लगेच म्हटलं, मॅडम, तुमच्या शेजारी बसलाय तो माणूस.
तिने माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, सर, आधी तुमची मुलाखत घ्यावी लागेल. आणि प्लीज ब्रेकवरचा पाय काढा, गाडी पुढे जात नाहीये.

१८ मार्च
मुलाखत झाली. प्रश्न जरा आडवळणाचे होते. असे झटके येतात का? म्हटलं, झटके नाही, गॅस. गॅस आल्यावर मरतो असं वाटतं का? म्हटलं, कुणालाही वाटेल. पुन्हा येईल या भीतीने एखादी जागा टाळता का? म्हटलं, टाळत नाही. फक्त जात नाही.
तिने पेन खाली ठेवलं. अगदी हळू आवाजात म्हणाली, सर, निरोगी गटात मी तुम्हाला घेऊ शकत नाही. पण दुसऱ्या गटात यावं असं मला वाटतं. आणि अभ्यास बाजूला ठेवला तरी यावर उपचार आहेत, माझे एक सहकारी आहेत, त्यांना भेटाल का?
उपचारांचं नंतर बघू म्हटलं. गटाचा मात्र विचार केला. अभ्यास कुणावर चाललाय? दुसऱ्या गटावर. निरोगी लोक नुसते तुलनेला. म्हणजे लग्नात वऱ्हाडी आणि नवरदेव यांतला फरक. सही ठोकली.
घरी हिला सांगितलं, संशोधनासाठी माझी निवड झाली. ही म्हणाली, अभिनंदन. आणि पुन्हा बूट घालून फिरायला गेली. हल्ली रोज सकाळी फिरायला जाते, तेही सपाट तळव्याचे कॅनव्हासचे बूट घालून. वजन मात्र काही कमी झालेलं दिसत नाही.

२४ मार्च
रक्त दिलं. उपाशी गेलो होतो. आदल्या दिवशी व्यायाम करू नका असं सांगितलं होतं, तो नियम मी गेली कित्येक वर्षं पाळतोय. सर्दी, ताप, जखम, दातदुखी? म्हटलं, काही नाही. उजवी दाढ ठणकते, पण त्याला काही दुखणं म्हणत नाहीत. पुरुषमाणसाने दाढेचं काय सांगायचं?

२८ मार्च, सकाळी
वाढलंय!
सीआरपी वाढलंय! चांगलं दणदणीत वाढलंय! बाकीच्या खुणा सगळ्यांच्या एकदम तपासणार आहेत, पण मला एवढं पुरे. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणत होती की हा आकडा एकेका माणसाचं निदान करायला नसतो, गटांची सरासरी बघायची असते, आणि कुठे इन्फेक्शन नाही ना, दाढबीढ, ते आधी बघून घ्या, मग आपण पुन्हा रक्त घेऊ. मी हो हो म्हटलं. ऐकू येत नव्हतं, आनंद फार झाला होता.
इतकी वर्षं लोक म्हणत आले, डोक्यात आहे. डोक्यात आहे म्हटलं की पुढे म्हणतात, मग काढून टाक ना डोक्यातून. जसं काही टोपी आहे. रक्तात आहे म्हटल्यावर कुणाची बिशाद आहे असं म्हणायची?
हिला सांगितलं, ऐक, माझ्या डोक्यात काही नाही, जे आहे ते रक्तात आहे. ही भांडी पुसता पुसता म्हणाली, रक्त डोक्यात जात नाही का?

२९ मार्च
पक्की योजना. रक्तातली सूज उतरवायची, की धडधड आपोआप बंद. मग पूल म्हणजे काय, वाऱ्यासारखा जाईन.
साखर बंद. तळलेलं बंद. रोज मूठभर अक्रोड. पहाटे पळायचं. आंघोळ थंड पाण्याने, त्याने म्हणे सूज पळते.
लेकीला फोनवर सांगितलं, बाबा शास्त्रीय पद्धतीने निघालाय. ती म्हणाली, लवकर निघा.

३१ मार्च
थंड पाण्याने सूज पळते की नाही माहीत नाही. मी पळालो. धडधड झाली. हिने दारावर थाप मारून विचारलं, आता बाथरूममध्येही पूल आला का?

२ एप्रिल
पळायला गेलो. कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत. बाकावर बसून अक्रोड खाल्ले. दाढेत अशी काही कळ गेली की डोळ्यांपुढे तारे चमकले. अक्रोड बंद.
समोरच्याची पिवळी गाडी गेली. एक बाई चालवत होती. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर भला मोठा गॉगल. वळणावर गिअर असा काही बदलला, वा! त्या टेकून बसणाऱ्याला असे विद्यार्थी मिळतात. नशीब लागतं.

५ एप्रिल
नवं संकट. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मार्ग बदललाय. आता पुलावर चढायचं, मध्ये गती सांभाळायची, पलीकडे वळून परत यायचं. माझे आजचे सगळे विद्यार्थी नापास. प्रत्येकाने पुलाच्या पायथ्याशी सवयीने डावा इंडिकेटर दिला आणि गल्लीत वळला. एकाने तर साहेबांना सांगितलं, आमचे सर म्हणतात पुलावर शिकण्यासारखं काही नाही.
निष्ठावान मुलं आहेत.
समोरच्याचे सगळे पास. साहेबांना त्याने काहीतरी खायला घातलं असणार.
साखर बंद ठेवायची होती, पण आज मनःस्थिती ठीक नव्हती. एका विद्यार्थ्याने दुःखात बिस्किटांचा पुडा आणला. त्याला एकट्याला खायला लावणं बरं दिसलं नसतं.

९ एप्रिल
जेवताना हिने सहज विचारलं, चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता काढायची म्हणजे आधी हाफ क्लच आणि मग हँडब्रेक सोडायचा ना? मी म्हटलं, अगदी बरोबर, तुला कसं माहीत? म्हणाली, इतकी वर्षं तुमच्या घरात राहतेय. ऊर भरून आला. नुसत्या सहवासाने माणूस किती शिकतो!
मागे एकदा हिने गाडी शिकवा म्हणून धोशा लावला होता. मी म्हटलं होतं, घरात एक मास्तर आहे ना, तुला कुठे जायचं ते मी नेईन. तेव्हापासून विषय काढला नाही. समजूतदार आहे.

१० एप्रिल
गाल टरारून सुजला. दंतवैद्याने दाढ बघून विचारलं, इतके दिवस काय करत होतात? म्हटलं, संशोधन. मुळाशी पू होता. दाढ काढून समोरच्या ट्रेमध्ये टाकली. टण्ण असा आवाज आला.
डॉक्टरीणबाईला कळवलं. म्हणाली, बघा, म्हणून मी विचारलं होतं. हिरडी पूर्ण बरी झाली की पुन्हा रक्त घेऊ. मी म्हटलं, दाढेचा आणि त्या आकड्याचा काही संबंध नाही हे सिद्ध होईलच.

१४ एप्रिल
मुलगी झाली! मला नात झाली! दोघी सुखरूप! जावई फोनवर रडत होता, मी त्याला रडू नकोस म्हणता म्हणता मीच सुरू झालो.
लगेच निघालो. ही पुढे, मांडीवर बॅग, त्यात हिने विणलेलं टोपडं. टाकी फुल्ल. काही म्हणजे काही कारण नव्हतं.
पायथ्याशी टायर वाजायला लागला. बाजूला घेऊन उतरलो. चारही टायरना लाथा मारल्या. छाती धडधडत होती, शर्ट घामाने पाठीला चिकटला. टायर ठणठणीत होते. हिला म्हटलं, तज्ज्ञाला दाखवायला हवं, आपण उद्या जाऊ.
ही भांडली असती तर बरं झालं असतं. बॅग घेऊन उतरली, स्टॉपवर उभी राहिली आणि बसने निघून गेली. बस पुलावर चढून लहान लहान होत गेली.
मी गाडीतच बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं. टायरला लाथा मारल्या की फार धूळ उडते.

१७ एप्रिल
ही अजून तिकडेच. घरात फार शांतता आहे. डोकं शांत, गाडी शांत, स्वयंपाकघर शांत. बटाटे उकडले.
फोटो येतायत. नाक माझ्यावर गेलंय. गाडीत बसून पायथ्याशी जाऊन आलो, नाक नीट बघायला. तिथे नेटवर्क चांगलं येतं.

२४ एप्रिल
पुन्हा रक्त दिलं. या खेपेला आकडा आणखी वाढला असणार. काळजीने.

२६ एप्रिल
नॉर्मल.
नॉर्मल म्हणजे साफ, स्वच्छ. डॉक्टरीणबाईने हसत हसत सांगितलं, अभिनंदन सर, दाढच होती. माझा एवढा मोठा सिद्धांत एका दाढेत होता आणि तो दंतवैद्याने ट्रेमध्ये टाकला.
मी म्हटलं, मग मी आता दुसऱ्या गटात बसत नाही का? म्हणाली, बसता की. तुमच्यासारख्या कितीतरी जणांचं रक्त साफ असतं, कुणाकुणाचं नसतं, का ते तर शोधतोय. पण सर, रक्त काही का म्हणेना, तुम्हाला होणारा त्रास खरा आहे.
खरा आहे म्हणाली. मला कुणी असं म्हटलं नव्हतं. उगाचच खोकलो.
मग तिने धीर करून आणखी एक सांगितलं. सर, झटका येतो तसा जातोही, आपोआप. पण तुम्ही तो जाईपर्यंत थांबतच नाही. आधीच ब्रेक दाबता आणि वळता, त्यामुळे जातो हे तुम्हाला कधी कळतच नाही. तुमची खरी अडचण तो डावीकडचा ब्रेक आहे. माझ्या सहकाऱ्यांकडे चला, ते पायरी पायरीने शिकवतील.
मी म्हटलं, मॅडम, तुमचा रिव्हर्स अजून कच्चा आहे. तिकडे लक्ष द्या.

२७ एप्रिल
ही परत आली, बसने. अंगाला बाळाचा वास येत होता. मी टोपड्याचं काय झालं विचारलं. म्हणाली, मोठं झालं. सगळ्यांनी बाळ पाहिलं, वरच्या मजल्यावरची आजी, पोस्टमन, गॅस दुरुस्तीवालासुद्धा.
डॉक्टरीणबाई काय म्हणाली ते हिला सहज सांगितलं, हसावं म्हणून. म्हटलं, बघ, अडचण म्हणे ब्रेकची आहे. ही हसली नाही. विचारात पडली.
लेकीचा फोन आला. रागावली असेल वाटलं होतं, पण नाही. म्हणाली, बाबा, मला सायकल शिकवताना तुम्ही मागे धरून पळायचात, आठवतं? मी ओरडायचे, सोडू नका, सोडू नका. तुम्ही म्हणायचात, धरलंय गं. आणि सोडलेलं असायचं.
मग म्हणाली, मी पुलाच्या पलीकडून धरलंय बाबा. या ना.
मी म्हटलं, येतो. आणि फोन ठेवला, कारण बॅटरी संपत होती. निम्मी होती.

२९ एप्रिल
आज संध्याकाळी हिने टेबलावर एक कार्ड ठेवलं. लायसन्स. त्यावर हिचा फोटो.
मी विचारलं, हे कुणाचं? म्हणाली, फोटो कुणाचा आहे? मी विचारलं, कुठे शिकलीस? तिने पर्समधून भला मोठा गॉगल काढला आणि बोट खिडकीबाहेर केलं. समोर.
समोर! माझी बायको! त्या टेकून बसणाऱ्याकडे! आणि पास कुठे झाली? पुलावर!
मी फक्त एवढंच म्हटलं की गिअर चांगला बदलतेस.

३० एप्रिल
बोलत नाहीये. मी.

१ मे
अजून बोलत नाहीये. हिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

२ मे
शेवटी हिनेच सांगितलं. उद्या सकाळी मी लेकीकडे जातेय. आपली गाडी घेऊन. तुम्हाला यायचं असेल तर मागच्या सीटवर जागा आहे.
मी म्हटलं, मागे का? मी मास्तर आहे. पुढे बसेन. म्हणाली, पुढे ब्रेक आहे.

३ मे, दुपार, लेकीचं घर
सगळं सविस्तर लिहितो. ऐतिहासिक दिवस आहे.
मागे बसलो. अगदी सहज. पायथा आला तशी धडधड सुरू. उजवा पाय जोरात दाबला, समोर नुसतं कार्पेट. ही चढाला लागली. मी म्हटलं, थांब. ही म्हणाली, पुलावर थांबायला मनाई आहे. बरोबर आहे, हा नियम मीच सगळ्यांना शिकवतो. मी म्हटलं, वळ. म्हणाली, वळायलाही मनाई आहे. मी म्हटलं, अगं मरतोय मी! ही आरशात बघून म्हणाली, अहो, मरा, पण पट्टा लावून.
डोळे मिटले. म्हणजे इंजिनाचा आवाज नीट ऐकता यावा म्हणून. घाम, मुंग्या, छाती फुटणार, आता संपलंच, लेकीला सांगा बाप निघाला होता. हिचा डावा हात मागे आला. मी धरला. गाडी चालवताना एक हात स्टिअरिंगवरून काढणं ही गंभीर चूक आहे. या खेपेला गुण कापले नाहीत.
आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. पूल संपायच्या आतच धडधड उतरायला लागली. मी काहीच केलं नव्हतं. ब्रेक दाबला नव्हता, वळलो नव्हतो. नुसता बसून होतो आणि ती आपोआप उतरली. हे मला कुणी सांगितलं कसं नाही?
डोळे उघडले. खाली नदी होती. चांगली रुंद आहे. पूल बरोबर मोजलाय.
लेकीने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि बाळ हातात दिलं. एवढंसं गाठोडं. नातीने माझं बोट मुठीत पकडलं. मी रडलो. धूळ नव्हती. रडलो.
मग पडदे पाहिले. फोटोपेक्षा छान आहेत.
संकल्प: आजपासून दर रविवारी पूल. काही कठीण नाही. उगाच बाऊ केला होता लोकांनी.

३ मे, संध्याकाळ
ही निघाली. चला म्हणाली. मी चपला घातल्या, जिना उतरलो, गाडीचं मागचं दार उघडलं.
परत जायलाही तोच पूल आहे.
हे आधी लक्षातच आलं नव्हतं. हिला म्हटलं, मी दोनेक दिवस राहतो. बाळाला आजोबांची गरज आहे.

८ मे
बाळाला अजून गरज आहे.
इथला सोफा जरा आखूड आहे. जावई मनमिळाऊ आहे, रोज सकाळी विचारतो, बाबा, आज काय बेत? हिचा फोन आला. स्कूल बंद ठेवणं बरं नाही म्हणून तीच माझ्या विद्यार्थ्यांना शिकवायला बसलीय. मी म्हटलं, तुला शिकवायचा परवाना आहे का? म्हणाली, शिकवतो समोरचा, मी नुसती सोबतीला बसते. माझ्या गाडीत. समोरचा. टेकून.
डॉक्टरीणबाई काल पास झाली. पुलावर. निरोप दिलाय की तिच्या सहकाऱ्यांची वेळ घेऊन ठेवलीय, फक्त दवाखाना पुलाच्या त्या, घराकडच्या बाजूला आहे.

१२ मे
ठरलं. लेक बाळाला घेऊन महिनाभर आमच्याकडे यायची आहे. ही उद्या गाडी घेऊन येणार. मीही त्यांच्याबरोबरच परतणार. अगदी शांतपणे. एकदा झटका उतरला म्हणजे उतरला, हे मी स्वतः शोधून काढलेलं आहे. डॉक्टरीणबाईला कळवायला हवं, तिच्या संशोधनाला उपयोगी पडेल.
मघाशी जावयाने गाडीत बाळाची खुर्ची कशी बसणार ते सांगितलं. बाळाची खुर्ची मागे. लेक तिच्याशेजारी मागे. सामान उरलेल्या जागेत. ही गाडी चालवणार.
म्हणजे मी पुढे. ब्रेकसमोर.
लेकीने विचारलं, बाबा, बाळ मागे असताना पुलावर ब्रेक नाही ना दाबणार? मी म्हटलं, मी? मी आयुष्यात कधी विनाकारण ब्रेक दाबलेला नाही.
मांडीवर बाळ होतं. माझ्याकडे बघून चक्क हसलं. लेकीला हाक मारून दाखवलं, तर ती म्हणाली, बाबा, एवढ्या लवकर बाळं हसत नाहीत, गॅस असतो तो.
असेल. आमच्या घराण्यातच आहे.